बेचाळीस बॅगा आणि एक कुलूप

कुलूप होतं एवढंसं, करंगळीच्या पेरावर बसेल इतकं, पिवळ्या पितळेचं… पण महिपतच्या डोळ्यांपुढून ते हलायला तयार नव्हतं. बसची डिकी उघडी होती आणि आत एकावर एक रचलेल्या बेचाळीस निळ्या बॅगा दिसत होत्या, सगळ्या एकाच मापाच्या, एकाच कापडाच्या. त्यांतल्या एकेचाळीस बॅगांच्या चेनी मोकळ्या लोंबत होत्या आणि बेचाळिसावीला कुलूप होतं. आणि ती बॅग कुणाची म्हणाल, तर गेल्या महिन्यात विहारातल्या बैठकीत उभं राहून ज्यानं बजावलं होतं की, “सगळ्यांच्या बॅगा सारख्या घ्यायच्या, कुणाची भारी कुणाची हलकी असं दिसायला नको, आणि कुणीही कुलूप लावायचं नाही, आपण एका घरची माणसं आहोत,” त्याच महिपत गुरुजींची. चौतीस वर्षं शाळेत पोरांना नियम शिकवले आणि स्वतःचा नियम स्वतःच मोडला. तोही असा चारचौघांत, पालीच्या रस्त्यावर, लख्ख उजेडात.

बसचा क्लच गेला होता. सकाळी सहाला ‘जय भीम’च्या गजरात वाडीतून निघालेली धम्मसहल तासाभरात पालीच्या बाजाराअलीकडे रस्त्याच्या कडेला येऊन थांबली होती. सारनाथ, कुशीनगर, बुद्धगया सगळं पुढे, आणि मंडळी अजून आपल्याच तालुक्यात! ड्रायव्हर गाडीखाली शिरला होता, त्याचे नुसते पाय दिसत होते. बायकांनी काजूच्या झाडाखाली सतरंज्या टाकून डबे उघडलेसुद्धा. ग्रामपंचायतीतला क्लार्क सागर, ज्यानं या सहलीची सगळी जुळवाजुळव केली होती, तो फोन कानाला लावून रस्त्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत येरझाऱ्या घालत होता. रत्नागिरी स्टेशनावरून गाडी होती दहा वाजून चाळीस मिनिटांनी.

“गुरुजी, टेन्शन घेऊ नका,” सागर जाताजाता म्हणाला. “दोन टेम्पो बोलावलेत. होईल सगळं.”

टेन्शन! कसलं आलंय टेन्शन. बस खाडकन थांबली, पुढच्या बाका-बाकावरून ‘काय झालं, काय झालं’ सुरू झालं, तेव्हा महिपतच्या छातीतून जे बाहेर पडलं होतं तो सुस्कारा होता… सुटकेचा. बरं झालं! हे शब्द त्यानं उच्चारले नाहीत एवढंच. ज्या माणसानं नोकरीत एकही दिवस घंटेनंतर शाळेत पाऊल टाकलं नाही, लग्नाच्या वेळी वऱ्हाडाला सात मिनिटं उशीर झाला म्हणून जो सासऱ्यावर रुसला होता, त्याला बस बंद पडल्याचा आनंद झाला होता. कशाचा आनंद, हे त्याचं त्याला पक्कं ठाऊक होतं. सागरनं सहलीचा छापील कार्यक्रम काढला होता, निळ्या शाईत, आणि त्यात पाचव्या दिवसापुढे लिहिलं होतं : ‘बुद्धगया, सायंकाळी पाच. महिपत गुरुजींचे मनोगत : माझ्या आईने देव सोडले.’

बस जेवढा वेळ पालीत उभी, तेवढा तो पाचवा दिवस लांब.

ही गोष्ट वाडीतल्या लहानथोरांना पाठ होती. नागपूरच्या दीक्षेनंतर काही महिन्यांनी वाडीनं दीक्षा घेतली, सत्तावन सालात. मुंबईला गिरणीत असलेला महिपतचा बाप, काशीराम, रजा काढून गावी आला आणि घरोघरचे देव टोपलीत घालून सगळी वाडी नदीच्या डोहावर गेली. पुरुष काठावर थबकले म्हणे… पिढ्यान्‌पिढ्यांची भीती, ती काय एका दिवसात जाते? तेव्हा काशीरामची बायको गोदा, एकवीस वर्षांची पोर, पदर खोचून पाण्यात उतरली आणि तिनं आपल्या हातानं एकेक देव पाण्यात सोडला. महिपतनं हे बापाकडून ऐकलं आणि चाळीस वर्षं व्यासपीठावरून सांगितलं. बुद्धजयंतीला, महापरिनिर्वाणदिनाला, शेजारच्या गावांत, एकदा तर पार गुहागरला बोलावलं होतं तिथेही. सांगता सांगता गोष्ट भरत गेली. आईच्या तोंडी एक वाक्यही आलं, “आजपासून माझा देव माणूस!” हे वाक्य बापानं सांगितलं होतं की आपणच कधीतरी घातलं, हे महिपतला आता आठवत नव्हतं. टाळ्या मात्र त्या वाक्यालाच पडायच्या.

आणि गेल्या भाद्रपदात आई गेली. अठ्ठ्याऐंशी वर्षांची होऊन, हात धरून, सुखानं गेली. पंधरा दिवसांनी महिपतनं तिची लोखंडी ट्रंक आवरायला काढली. विहारात जायची तिची पांढरी साडी होती, इस्त्रीची घडी तशीच, आणि घडी उलगडताना मांडीवर काहीतरी पडलं, कापडाच्या चिंधीत बांधलेलं. गाठ सोडली. आत चांदीचा टाक. अंगठ्याच्या नखाहून थोडा मोठा, इतका झिजलेला की वर कुठल्या देवीचं तोंड आहे तेही कळू नये.

पहिल्यांदा त्याला वाटलं, कुणा दुसऱ्याचा असेल. मग वाटलं, आईला माहीतच नसेल. पांढऱ्या साडीच्या घडीत! जी साडी ती स्वतः धुवायची, स्वतः घडी घालायची, दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायची नाही… आणि मग राग आला. म्हणजे आई, मी चाळीस वर्षं तुझी गोष्ट जगाला सांगत होतो, तू पहिल्या रांगेत बसून ऐकत होतीस, आणि घरी ट्रंकेत हा? रोज काढून पुजत होतीस? माझ्या पाठीमागे हात जोडत होतीस? मग मी कोण? सगळ्या पंचक्रोशीला खोटं सांगत फिरणारा बोलघेवडा?

त्या दिवसापासून हा एकच प्रश्न. हाताला काम असो नसो, तोंडात घास असो नसो… पुजत होती की नव्हती? टाक त्यानं कुणाला दाखवला नाही, बायकोलाही नाही. चार महिने टेबलाच्या खणात जुन्या पेपरांखाली ठेवला. फेकवेना. सोनाराकडे देण्याचा विचार आला तेव्हा स्वतःचीच किळस आली. मग सहल ठरली आणि त्याला वाटलं, हीच वाट. बुद्धगयेला निरंजना नदी आहे. तिथे पहाटे एकट्यानं जायचं, सोडून द्यायचा, आईचं राहिलेलं काम पुरं करायचं, आणि संध्याकाळी पाच वाजता, मन साफ करून, गोष्ट सांगायची. नाहीतर कुठल्या तोंडानं सांगणार? काल सकाळी लोकरी मोज्याच्या जोडीत टाक सरकवला, मोजे बॅगेच्या तळाशी, आणि संध्याकाळी हे कुलूप.

“महिपत, बाला, भाकरी खा रे थोडी,” चिमाआत्या सतरंजीवरून ओरडली. काशीरामची धाकटी बहीण, ऐंशी पार केलेली, सहलीतली सर्वांत वयस्क. “गाडी जायाची ती जाईल. उपाशी कशाला मरतूस?”

“नको आत्या.”

“आयशीवर गेलाय,” आत्या शेजारणीला म्हणाली. “मनात काय आलं का तिचं बी अन्न तुटायचं.”

टेम्पो आले तेव्हा सव्वानऊ होऊन गेले होते. मग एकच गलबला. बॅगा खाली काढा, यात टाका, त्यात टाका, स्वयंपाकाची भांडी कुठे, गॅसची शेगडी सांभाळ, म्हातारी माणसं पुढे बसवा. महिपत कुलपाकडे डोळे लावून उभा होता. पण आत्याला टेम्पोवर चढवायला दोघांनी हात दिले आणि तिसरा त्याला द्यावा लागला, आणि मान वळवली तर डिकी रिकामी. सगळ्या बॅगा आत गेल्या होत्या, निळ्या, सारख्या, एकीसारखी दुसरी. कुणाची भारी कुणाची हलकी काही दिसत नव्हतं. वा रे गुरुजी!

टेम्पो सुटले. जानेवारीचं ऊन चढत होतं, दोन्ही बाजूंच्या कातळावरचं गवत वाळून पिवळं झालं होतं आणि मधेच एखाद्या बागेतून आंब्याच्या मोहराचा वास येत होता. सागर घड्याळ आणि रस्ता, रस्ता आणि घड्याळ पाहत होता. हातखंब्याला रस्त्याचं काम, तिथे वीस मिनिटं गेली. मागच्या बाकावर रडवेल्या आवाजात बायकांचं सुरू झालं, चुकली गाडी, आता कसलं बुद्धगया, वर्षभर पै-पै साठवून… महिपतला ती चुकायला हवी होती की नको होती? चुकली तर बरं, असं एक मन म्हणत होतं. आणि दुसरं म्हणत होतं, अरे, ही बेचाळीस माणसं, आयुष्यात एकदा निघालीत, काही लाज? कुवारबावच्या चढावर टेम्पो धापा टाकायला लागला तेव्हा अकराला दहा कमी होते.

स्टेशनात धावत शिरलेला सागर परत आला तो हात वर करून नाचतच.

“लेट! गाडी लेट आहे! दोन तास दहा मिनिटं लेट!”

आणि काय सांगावं, पुढे कुठेतरी कुणाची तरी मालगाडी बंद पडली म्हणून वाडीच्या माणसांनी टाळ्या वाजवल्या. कुणी ‘जय भीम’ म्हटलं, कुणी डोळे पुसले. चिमाआत्यानं दोन्ही हातांनी बोटं मोडून त्या मालगाडीची दृष्ट काढली. “आपल्यावानीच तिचा बी किलच गेला आसंल,” ती म्हणाली आणि सगळा घोळका हसत-हसत प्लॅटफॉर्मवर आला. महिपतही हसला. त्याच्याही खांद्यांवरून काहीतरी उतरलं, निदान ही माणसं तरी पोचतील. पण ते उतरतंय न उतरतंय तोच त्यानं बॅगा मोजायला घेतल्या.

एकेचाळीस.

पुन्हा मोजल्या. एकेचाळीस. एकेका बॅगेची चेन हातानं चाचपली, पोत्यातलं काही शोधावं तशी. कुलूप कुठेच नव्हतं.

म्हणजे बॅग पालीला राहिली. ड्रायव्हर बस ओढून गॅरेजात नेईल, तिथे कुणीतरी बॅग काढून ठेवेल. कुलूप आहे म्हटल्यावर आत काहीतरी आहे असंच कुणालाही वाटणार. उघडतील. बॅगेवर नाव आहे, मंडळाचं नाव आहे. मोज्यातून देवीचा टाक निघेल आणि उद्या पालीच्या बाजारात चहाच्या टपरीवर… ते गुरुजी हो, बावीस प्रतिज्ञा तोंडपाठ असलेले, त्या रसिकाला सगळ्यांसमोर उभी करून बोलले होते ते!

रसिका. हे नाव या क्षणी नको यायला होतं. सहा-सात वर्षं झाली. पोराचा ताप उतरेना म्हणून वाडीतली ही सून कुठल्याशा देवळात नारळ ठेवून आली होती. महिपतनं विहाराच्या बैठकीत विषय काढला होता. आवाज चढवला नव्हता, वाईट शब्द वापरला नव्हता, पण अर्धा तास बोलला होता, मुद्देसूद, आणि ती पोर अर्धा तास खाली बघत उभी होती. त्या संध्याकाळी आईनं ताट वाढलं आणि समोर बसली नाही. एरवी बसायची. त्याला वाटलं होतं, गुडघे दुखत असतील.

“काय शोधताय?”

कमळा, त्याची बायको, प्लॅटफॉर्मवरच्या बाकावर भुईमुगाच्या शेंगा सोलत बसली होती. तिनं विचारलं ते सहज. पण ती मघापासून आपल्याकडेच बघत होती हे महिपतच्या लक्षात आलं.

“बॅग नाही माझी.”

“येईल. वाडीचीच माणसं आहेत, कोण खाणार आहे? कपडेच ना आत?”

“नुसते कपडे नाहीत,” तो म्हणाला.

म्हटलं आणि मागे घेता येईना. पाय दुखत होते. तो तिच्या शेजारी बसला. समोर रुळांपलीकडे कुणीतरी गवत कापत होतं, दूर कुठेतरी उद्घोषणा चालू होती, आणि चार महिने छातीत धरून ठेवलेलं ते आता, एवढ्या उजेडात, शेंगांच्या टरफलांसमोर बाहेर पडू पाहत होतं. सांगू? हिला सांगून काय होणार? ही म्हणेल, तुमची आई अशी होती? नाही, असं नाही म्हणणार. पण मनात तर येईल.

“आईची… एक वस्तू आहे तिच्यात.”

कमळानं हातातली शेंग फोडली, दाणे त्याच्या तळहातावर ठेवले.

“घरी आहे ती,” ती म्हणाली.

“काय?”

“तो टाक ना? घरी आहे. काल दुपारी तुम्ही विहारात गेलात, मी तुमच्या बॅगेत टॉवेल घालायला गेले. मोज्यात कुणी ठेवतं हो असलं काही? जिथला तिथे ठेवला, आईंच्या ट्रंकेत. मग संध्याकाळी बघते तर तुम्ही कुलूप घेऊन आलात.” ती जरा हसली. “म्हटलं लावू दे. मला वाटलं, आता सांगाल, मग सांगाल. चार महिने वाट बघतेय.”

महिपत दाणे हातात धरून बसला. तोंडात टाकायचे असतात हेसुद्धा त्याला सुचेना.

“तुला… माहीत होतं?”

“अठरा वर्षं.”

“अठरा!”

“माझी आई गेली ना, तेव्हा. भावांनी सगळं वाटून घेतलं, मला तिचं एक लुगडंसुद्धा मिळालं नाही. मी मागल्या दारी रडत बसले होते. तुमच्या आई आल्या. पदराची गाठ सोडून माझ्या हातावर ठेवला. बोलल्या, हा माझ्या आयशीचा. तिनं मला लग्नात दिलेला. तिचा हात लागलेलं माझ्याकडे एवढंच हाय.” कमळानं मांडीवरची टरफलं झटकली. “त्या बोलल्या, मी सगळं सोडलं गो, कुणाच्या सांगण्यावरून नाय, माझ्या मनानं सोडलं, आणि हलकी झाले. पण ह्याच्यावेळी मूठ उघडेना. काठावर सगळे ओरडतायत, तुमचे वडील वाट बघतायत, आणि मूठ काय उघडेना. मग तशीच मिटल्या मुठीनं वर आले. कुणाच्या लक्षात आलं नाय.”

मूठ उघडेना. महिपतनं नकळत आपला तळहात पाहिला. एकवीस वर्षांची मुलगी, कमरेपर्यंत पाण्यात. चाळीस वर्षं तो तिला डोळ्यांपुढे उभी करत आला होता आणि तिच्या हाताकडे त्यानं कधी बघितलंच नव्हतं. तो तिचं तोंड बघत होता, ते वाक्य ऐकायला.

“पुजायची का ती?” त्यानं विचारलं. हाच तो प्रश्न, चार महिने जेवू न देणारा. आणि आवाज अगदी साधा निघाला.

“मी नाय विचारलं.”

“तुला काय वाटतं?”

“हातावर घेऊन बघत बसायच्या, ते पाहिलंय मी दोन-तीनदा. हात जोडलेले नाय पाहिले. मी नसताना काय करायच्या ते मला कसं कळणार?” मग त्याच्याकडे न बघता, दुसरी शेंग फोडत, “आणि तुम्ही व्यासपीठावर ते सुरू केलंत ना, की त्या उठून पाणी प्यायला जायच्या. दर वेळी. तुम्हाला वाटायचं, आपलं कौतुक ऐकवत नाही म्हणून.”

खरंच, तसंच वाटायचं. आई, आणि मी वरून सांगायचो, पाहा, किती ही विनम्रता!

“मला का नाही सांगितलं तिनं? तुला सांगितलं आणि मला नाही?”

कमळा जरा घुटमळली. “राहू दे.”

“नाही, सांग.”

“बोलल्या, महिपतला नको सांगू. तो भाषण करील.”

लागलं. असं लागलं की डोळ्यांत पाणी आलं. आणि त्याच पाण्याबरोबर, त्याचं त्यालाही कळेना कसं, हसू फुटलं. तो भाषण करील! आईचा आवाज जसाच्या तसा, तो जरा वैतागलेला, लाडाचा… करणारच होतो की गं मी. तुला समोर बसवून अर्धा तास, मुद्देसूद. तू खाली बघत राहिली असतीस. काय बिशाद होती तुझी मला सांगायची! तो हसत होता आणि उपरण्यानं डोळे पुसत होता, आणि कमळा घाबरून त्याच्या पाठीवरून हात फिरवत होती.

“आणि निघाला होतात कुठे घेऊन?” तिनं विचारलं.

“निरंजनेत सोडायला.”

“अगं बाई! सागर सांगत होता, त्या नदीला थंडीत पाणीच नसतं, नुसती वाळू. वाळूत पुरून येणार होतात? सोडायचाच तर आपली नदी काय आटली होती?”

“सोडायचा का मग?”

“ते आल्यावर बघू,” कमळा म्हणाली. “तुम्ही आणि मी.”

आल्यावर. त्याला हा शब्द फार बरा वाटला. आजच्या आज, पाचव्या दिवसाच्या आत, पाच वाजायच्या आधी काही पुरं करायचं नव्हतं. त्यानं हातातले दाणे तोंडात टाकले आणि कमळानं आणखी दिले. भूक लागली होती, सकाळपासूनची. आत्याची भाकरी खाल्ली असती तर बरं झालं असतं.

तेवढ्यात प्लॅटफॉर्मच्या त्या टोकाकडून आरडाओरडा. “गुरुजी, ओ गुरुजी! बॅग सापडली! चिमाआत्या बसलीय तुमच्या बॅगेवर!” आत्यानं टेम्पोत बूड टेकायला जी बॅग घेतली होती तीच उतरताना बरोबर आणून, तिच्यावर ऐसपैस बसून, लुगड्यानं सगळी झाकून टाकली होती. सागरनं तिला हाताला धरून उठवलं आणि बॅग उंच धरून सगळ्यांना दाखवली. कुलूप उन्हात चमकलं. “आणि ह्ये बघा, गुरुजींच्या बॅगेला कुलूप! नियम कुणी केला होता हो?”

हशा उसळला. महिपत उठला, चष्म्याच्या घरातून किल्ली काढली आणि सगळ्यांसमोर कुलूप काढून सागरच्या हातात दिलं.

“चुकलं माझं,” तो म्हणाला.

एवढंच म्हणाला. पुढे काहीतरी येईल म्हणून माणसं क्षणभर थांबली, कारण गुरुजींचं चुकलं म्हटल्यावर चूक, तिचं कारण आणि त्यापासून घ्यायचा बोध असं रीतसर यायला हवं होतं. पण त्याच्याकडे पुढे काही नव्हतं, आणि ते नसणं इतकं सुखाचं असतं हे त्याला पासष्टाव्या वर्षी कळत होतं.

“बरं, वेळ आहे अजून तासभर,” सागर म्हणाला. “गुरुजी, दोन शब्द होऊ द्या. आजींची गोष्ट सांगा. नवीन सुनांनी ऐकलेली नाही.” माणसं सवयीनं सरकून बसायला लागली. पुढच्या रांगेत रसिका होती, मांडीशी तिचा पोरगा, चांगला थोराड झालेला.

महिपतनं त्या सगळ्यांकडे पाहिलं. गोष्ट जिभेवर तयार होती, पहिल्या वाक्यापासून शेवटच्या टाळीपर्यंत. त्यानं ती तशीच राहू दिली.

“मी नको,” तो म्हणाला. “मी तिथे नव्हतो. माझा जन्मही झाला नव्हता. आत्या होती. आत्या, तू सांग.”

“मी?” चिमाआत्या दचकली. “मला कोन इचारतंय!”

“मी विचारतोय.”

कधीच विचारलं नव्हतं. वाडीत चार घरं सोडून राहणारी सख्खी आत्या, तेरा वर्षांची असताना डोहाच्या काठावर उभी असलेली. आणि तिला चाळीस वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं! तो खाली फरशीवर मांडी घालून बसला, रसिकाच्या शेजारी जागा होती तिथे. रसिका अंग चोरून सरकायला लागली. “बस गो बाय, सरकू नको,” तो म्हणाला. तिच्याशी काहीतरी बोलायचं होतं, आज नाही तर उद्या, गाडीत. फार मुद्देसूद नाही.

आत्यानं डोक्यावरचा पदर सारखा केला. एवढी माणसं आपल्याकडे बघतायत याची तिला सवय नव्हती.

“पानी लय गार व्हतं,” ती म्हणाली. “हिवाळाच व्हता की. बापय समदे काठावर. मंग गोदावैनी उतरली. तर शेवाळावरनं तिचा पाय असा सटकला! बुडाली की गळ्यापातूर. वर आली, तर हसतेय. टोपली डोक्यावर तशीच, नि हसतेय. तिला बगून मी हसले, मंग समदी वाडी हसाया लागली.”

“आणि काही बोलली?” सागरनं विचारलं. “ते वाक्य?”

“कसलं वाक्य? दात वाजत व्हते तिचे, बोलतेय कसली!”

सगळे हसले, आणि महिपत सगळ्यांत मोठ्यानं हसला. गेलं ते वाक्य! चाळीस वर्षांचं ओझं गेलं. गारठून हसणारी, पदरातून पाणी निथळणारी एक मुलगी त्याच्यासमोर उभी राहिली, जिला त्यानं यापूर्वी कधी पाहिलं नव्हतं.

“मंग हसत हसत एकेक सोडला तिनं पान्यात,” आत्या म्हणाली. आणि थांबली. तिनं महिपतकडे पाहिलं, मग त्याच्यामागे बाकावर बसलेल्या कमळाकडे. काय होतं त्या नजरेत? तेरा वर्षांची पोर काठावर अगदी पुढे असणार. वर येणाऱ्या वहिनीला हात द्यायला तीच पुढे झाली असेल. मिटलेल्या मुठीला.

वरच्या भोंग्यातून आवाज आला. गाडीला आणखी पन्नास मिनिटं उशीर होता, असुविधेबद्दल खेद. प्लॅटफॉर्मभर निराशेचा एक सूर उठला, कुणी कपाळावर हात मारला, सागरनं फोन काढला. महिपतला मात्र वाटलं, अजून पन्नास मिनिटं! केवढा वेळ!

आत्या सगळं सांगेल की निम्मं गिळून टाकेल, तिला काही माहीत होतं की नव्हतं, कोण जाणे. आणि सांगितलंच तिनं, या एवढ्या माणसांसमोर, तर ती काय म्हणतील, आईला काय म्हणतील, आपल्याला काय म्हणतील… आता आपल्याला भीती वाटेल म्हणून तो वाट बघत राहिला, आणि ती वाटली नाही. फक्त ऐकायचं होतं.

“मग?” तो म्हणाला. “वर आल्यावर काय झालं, आत्या?”